याकच्या आजोबांचं पुढे काय झालं

रत्नदीप शिवशरण यांचं कार्टूनबद्दलचं मत पक्कं होतं. कार्टून ही लहान मुलांना घास भरवताना लावायची वस्तू आहे, आणि मूल आपल्या हाताने जेवायला लागलं की ती बंद करावी. हे मत त्यांनी जुळे सोलापुरातल्या आपल्या सोसायटीच्या स्नेहसंमेलनात माइकवरून मांडलं होतं. माणूस घरात बोललेलं विसरू शकतो, पण माइकवरून बोललेलं त्याला सांभाळावं लागतं. त्यातून रत्नदीप पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक आणि सोसायटीचे सचिव. हसण्याआधी क्षणभर विचार करायची त्यांना सवय होती, आणि बऱ्याचदा विचार पूर्ण होईपर्यंत विनोद संपलेला असे.

मे महिन्यातल्या एका रविवारी त्यांची बायको प्रतिक्षा लेकीला, साक्षीला, थिएटरात कॉम्प्युटरवर बनवलेला एक सिनेमा दाखवायला नेणार होती. सकाळीच तिला शाळेतून फोन आला की आज प्रशिक्षण आहे. शिक्षकांना प्रशिक्षण रविवारीच का सुचतं, हा स्वतंत्र विषय आहे. मुद्दा असा की रत्नदीपना जावं लागलं. त्यांच्या आई भीमाबाईही निघाल्या. त्यांना सिनेमाशी कर्तव्य नव्हतं. "थेटरात गार असतंय म्हणं," एवढं त्यांना पुरेसं होतं. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालं होतं.

रिक्षात साक्षी जाहिरातीत पाहिलेली सिनेमाची गोष्ट सांगायला लागली, तर रत्नदीप म्हणाले, "त्या कार्टूनमध्ये बघण्यासारखं काय असतं गं? कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं." साक्षी दुसरीतून तिसरीत गेली होती. तिने ते फक्त लक्षात ठेवलं. रत्नदीपनी अंधारात मोबाइलच्या उजेडात वाचायला रविवारची पुरवणी सोबत घेतली होती.

सिनेमा याकचा होता. उंच डोंगरावरचा एक याकांचा कळप, त्यात एक अवखळ पिल्लू, म्हणजे नात, आणि तिचे म्हातारे आजोबा. बर्फ पडायच्या आत सगळ्यांना खाली उतरायचं असतं.

"म्हस हाय की ही," भीमाबाई म्हणाल्या.

"आई, याक आहे तो."

"मला नगं शिकवू. वळसंगला दोन म्हशी सांभाळल्यात मी. भादरली न्हाय कुणी, म्हणून तशी दिसती."

रत्नदीपनी पुरवणी उघडली. पण म्हाताऱ्या याकचा आवाज ऐकून त्यांची मान वर झाली. हे आजोबा फार काटेकोर होते. पिल्लाने कुठलीही गोष्ट सांगायला घेतली की ते अडवायचे. "तेव्हा पाऊस नव्हता, धुकं होतं. आणि तीन लांडगे नव्हते, दोन." रत्नदीपना पहिल्यांदाच पडद्यावर एक समजूतदार पात्र दिसलं. मग कळपाची सभा भरली. खाली कधी उतरायचं यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी एकमताने ठराव झाला की यावर पुन्हा एक सभा घ्यावी. सगळं थिएटर गप्प होतं. एकटे रत्नदीप मोठ्याने हसले, तेही अजिबात विचार न करता. पुढच्या रांगेतल्या मुलांनी वळून पाहिलं. पुरवणी केव्हा पायाखाली गेली ते त्यांना कळलं नाही.

पुढे वादळ आलं. आजोबांच्या अंगावरचा एकेक केस वाऱ्याने वेगळा हलत होता. आजोबा मागे पडले. पिल्लाला म्हणाले, तू हो पुढे, मी आलोच. पिल्लू वळून वळून बघत पुढे गेलं. आजोबा बर्फात बसले. त्यांचे डोळे हळूहळू मिटायला लागले, आणि रत्नदीपनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"रतन, ऊठ," भीमाबाई म्हणाल्या. "गुडघं धरलं माझं. ह्यो बर्फ लई वाईट."

"आई, बर्फ पडद्यावर आहे."

"गार तर हितं लागतंय की. ऊठ, न्हायतर हितंच बसंन मी त्या म्हशीवानी."

मागच्या रांगेत शेजारच्या घरची सून अंकिता आपल्या मुलाला, सुमितला, घेऊन बसली होती. साक्षीला तिच्या स्वाधीन करून रत्नदीप आईला धरून बाहेर आले. दारातून त्यांनी मागे पाहिलं, तेवढ्यात दार बंद झालं. सिनेमा सुटेपर्यंत ते आईचे गुडघे उन्हात शेकत पायरीवर बसले होते.

साक्षी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि चेहऱ्यावर हसू होतं. रत्नदीपनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय झालं मग त्या आजोबांचं?"

साक्षी म्हणाली, "त्यात बघण्यासारखं काही नसतं पप्पा. कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं असतात."



दुसऱ्या दिवशी प्रतिक्षा साक्षीला घेऊन सुट्टीसाठी मोडनिंबला माहेरी गेली, आणि रत्नदीप बर्फातल्या आजोबांसोबत एकटे राहिले. ऑफिसात फाइल उघडली की बर्फ दिसायचा. रोज फोनवर ते इकडचं तिकडचं बोलून मूळ प्रश्नावर यायचे, आणि साक्षी फोन आईकडे द्यायची. अंकिताला त्यांनी जिन्यात गाठलं. ती म्हणाली, "इतकं छान केलंय हो शेवटी, सांगण्यात मजा नाही. बघाच तुम्ही." इंटरनेटवर लोकांनी पानंच्या पानं लिहिली होती, आणि प्रत्येकाने शेवट न सांगण्याचा सभ्यपणा दाखवला होता.

"जाऊन बघा की मग," प्रतिक्षा फोनवर म्हणाली.

हे बोलणं सोपं होतं. केस पिकायला लागलेला माणूस मुलांच्या सिनेमाला एकटा कसा जाणार? कुणी पाहिलं तर? मूल सोबत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा माणूस स्वतः सिनेमा बघत नसतो, मुलाला दाखवत असतो. म्हणून रत्नदीपनी ठरवलं की एक मूल उसनं घ्यायचं. त्यांनी अंकिताकडे सुमितसाठी शब्द टाकला. सुमित शेवटपर्यंत पाहिलेला सिनेमा पुन्हा बघायला तयार होता. मुलांचं तसंच असतं, गोष्ट माहीत असली की ती त्यांना जास्त आवडते.

पण सुमितचे आजोबा चन्नप्पा बिराजदार, ज्यांना सगळी सोसायटी आप्पा म्हणायची, ते तेव्हा दारात उभे होते.

"एकट्या पोराला न्यायचं म्हणजे जोखीम आहे," आप्पा म्हणाले. "हल्ली काळ बरा नाही. तुम्ही सज्जन आहात, पण तुम्ही सज्जन आहात हे थिएटरवाल्याला काय माहीत? मी येतो सोबत."

"तुम्हाला कार्टून आवडतं, आप्पा?"

"छे. मी जबाबदारी म्हणून येतो."

आप्पांनी संध्याकाळी ही जबाबदारी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. 'सचिवांच्या पुढाकाराने बालकांसाठी संस्कारक्षम चित्रपट. पालकांनी लाभ घ्यावा.' रत्नदीपनी ते वाचलं आणि ते खुर्चीत बसले. त्यांना अंधारात जाऊन गुपचूप एक शेवट बघायचा होता, आणि त्याचा उपक्रम झाला होता.

सोसायटीत मुलं तशी कमीच, आणि निम्मी सुट्टीला गावी गेलेली. पण मोठ्या माणसांनी भरभरून नावं दिली. जोशीकाकू म्हणाल्या, मला काही हौस नाही, पण मुलांना पाणी द्यायला कुणीतरी लागेल. तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, रस्ता ओलांडताना मी हवा. एका नवविवाहित जोडप्याने पुढे उपयोग होईल म्हणून अनुभव घ्यायचा आहे असं सांगितलं. शेवटी हिशेब असा बसला की एकेका मुलामागे तीन-तीन मोठी माणसं, आणि त्या तिघांतही मूल कुणाच्या शेजारी बसणार यावरून रुसवेफुगवे. सुमितला तर आजोबा, आई आणि रत्नदीप यांच्यात आधीच वाटून टाकलं होतं.

मग थिएटरचा मॅनेजर आडवा आला. एवढा ग्रुप असेल तर संस्थेचं पत्र लागतं, तेही सही-शिक्क्यानिशी. संस्था म्हणजे सोसायटी, आणि सोसायटीचे सचिव म्हणजे रत्नदीप स्वतः. त्यांनी सदस्य या नात्याने सचिवांना रीतसर अर्ज लिहिला. पण सवय कुठे जाते? सचिव या नात्याने त्यांनी तो तपासला, तर त्यात विषय नीट लिहिलेला नव्हता. त्यांनी तो त्रुटी पूर्ततेसाठी स्वतःकडेच परत पाठवला. यात एक दिवस गेला. पत्र घेऊन गेले, तर मॅनेजर म्हणाला, "शुक्रवारी पिक्चर उतरणार आहे. गुरुवारचा सकाळचा शो शेवटचा."

म्हणजे गुरुवारी रजा आली. रजा मागायला रत्नदीप आपल्या साहेबांसमोर उभे राहिले. उपअभियंता ईरप्पा हत्तुरे हे कमी बोलणारे, जाड भुवयांचे गृहस्थ होते. त्यांनी अर्ज वाचला.

"कौटुंबिक कारण. काय झालं कुटुंबात?"

रत्नदीपनी आयुष्यात खोटं फारसं बोललेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना ते जमत नव्हतं. त्यांच्या तोंडून निघालं, "एक आजोबा आहेत, साहेब. अडकलेत."

"कुठे?"

"बर्फात."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "सोबत कोण आहे त्यांच्या?"

"नात होती. ती पुढे गेली."

"आजोबांना सोडून?"

"आजोबांनीच सांगितलं, साहेब. तू हो पुढे म्हणून."

साहेबांच्या भुवया जरा वर गेल्या आणि पुन्हा खाली आल्या. मग त्यांनी सही केली. "जा. आणि त्यांचं पुढे काय झालं ते मला येऊन सांगा."

केबिनचं दार उघडंच होतं. दुपारपर्यंत सगळ्या ऑफिसला कळलं की शिवशरणांचे आजोबा हिमालयात अडकलेत. एकाने खांद्यावर हात ठेवला. एकाचा चुलतभाऊ सैन्यात होता, त्याला फोन लावायची तयारी झाली. जेवणाच्या सुट्टीत सगळे रत्नदीपच्या टेबलाभोवती गोळा झाले आणि कुणीही आपला डबा उघडेना. रत्नदीपच्या डब्यात तिखटजाळ शेंगाची चटणी होती. तिचा घास घेताना त्यांचे डोळे पाणावले, तेव्हा तर लेखा विभागातल्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. रत्नदीपना वाटलं, याच क्षणी खरं सांगून टाकावं. पण आता खरं सांगणं खोट्यापेक्षा जास्त लाजिरवाणं झालं होतं.

गुरुवारी सोसायटीची वरात थिएटरात शिरली. भीमाबाईंनी या वेळी अंगावर जाड सोलापुरी चादर घेतली होती आणि कडक भाकरी चादरीत लपवली होती. "आता किती बी बर्फ पडू दे," त्या म्हणाल्या.

आप्पा पहिली दहा मिनिटं मान वाकडी करून बसले. कळपाची सभा आली तेव्हा मात्र ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "अगदी आमच्यासारखंच." त्यानंतर त्यांनी मान सरळ केली ती सरळच. वादळ सुरू झालं. आजोबा मागे पडले. रत्नदीप खुर्चीच्या कडेला सरकले. गेल्या वेळी दार बंद झालं ती जागा जवळ येत होती. आजोबा बर्फात बसले. डोळे मिटायला लागले.

सुमितने त्यांची बाही ओढली. "काका, शू."

रत्नदीपनी वळून अंकिताकडे पाहिलं. ती पदराने नाक पुसत होती, तिने पाहिलंच नाही.

"आप्पा, सुमितला बाहेर न्यायचंय."

"तुम्ही न्या," आप्पा पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "मी इथली जबाबदारी बघतो."

पोस्टमास्तरांनी ऐकू येत नसल्यासारखं केलं. पाणी द्यायला आलेल्या जोशीकाकू स्वतःच डोळ्यांतून पाणी गाळत होत्या. शेवटी रत्नदीप आईकडे वळले.

"मागल्या खेपंला मीच गेलते भाईर," भीमाबाई म्हणाल्या. "आता म्हस मरती का जगती ते बगितल्याबिगर मी हलायची न्हाय."

"काका, लई जोरात आलीय," सुमित म्हणाला.

रत्नदीपनी त्याला उचललं. दार पुन्हा त्यांच्या पाठीमागे बंद झालं.

बाहेरच्या हॉलमध्ये बाथरूमच्या दाराशी एक गृहस्थ पाठमोरे उभे होते. हातात मुलीची गुलाबी पर्स. ते वळले. भुवया जाड होत्या.

सुमित आत पळाला. रत्नदीप जागच्या जागी थिजले. हत्तुरे साहेब आज वळसंगच्या बाजूला कालव्याच्या पाहणीला गेले होते. निदान ऑफिसच्या फळ्यावर तसं लिहिलेलं होतं.

साहेबांनी पर्स पाठीमागे नेली आणि पुन्हा पुढे घेतली. मग साहेब म्हणाले, "शिवशरण, तुमचे आजोबा?"

"आत आहेत, साहेब," रत्नदीप म्हणाले. "बर्फात."

साहेबांनी मान डोलावली. "मला त्याच दिवशी ओळख पटली होती. म्हटलं तुम्ही बघून येताय तर मला सांगाल. पण पिक्चर उद्या उतरतोय म्हणाले, म्हणून मीही आलो." त्यांनी गुलाबी पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "काय होतं हो त्यांचं शेवटी?"

"माहीत नाही साहेब. मी दुसऱ्यांदा बाहेर आलोय."

"मी तिसऱ्यांदा," साहेब म्हणाले. "आत माझी नात आहे, ऋतुजा. आजोबा बर्फात बसले की तिला जावं लागतं. पहिल्यांदा मी आलो होतो, दुसऱ्यांदा मी आलो होतो. आज तिच्या आईला म्हटलं तू जा. तर ती म्हणाली, बाबा, तुम्हाला वाट माहीत आहे."

थिएटरातून घंटेसारखा आवाज आला. मग सगळं शांत झालं. मग शे-दोनशे माणसं एकदम हुंदका गिळतात तसा आवाज. दोघंही दाराकडे वळले, पण मुलं बाथरूममध्ये होती आणि त्यांना टाकून जाता येत नव्हतं.

मुलं बाहेर आली. रत्नदीप सुमितला घेऊन धावणार, तोच सुमित शांतपणे म्हणाला, "संपलं आता. त्यानंतर नुसती नावं येतात."

"तुला कसं माहीत?"

"मी बघितलाय की रविवारी. पूर्ण."

रत्नदीप त्याच्याकडे पाहत राहिले. इतके दिवस त्यांनी मोठ्या माणसांना विचारलं होतं, इंटरनेटला विचारलं होतं. सुमित रोज त्यांच्या जिन्यात गोट्या खेळत होता आणि त्याला विचारावं हे त्यांच्या मनात आलं नव्हतं.

"सांग बरं," साहेब खाली वाकून म्हणाले.

"तसं सांगता येत नाही," सुमित म्हणाला. "करून दाखवावं लागतं. काका, तुम्ही आजोबा व्हा."

रत्नदीपनी इकडेतिकडे पाहिलं. हॉलमध्ये कुणी नव्हतं. त्यांनी पँट वर ओढली आणि ते फरशीवर चार पायांवर उभे राहिले.

"बसा. दमलाय तुम्ही. डोळे मिटा." सुमित साहेबांकडे वळला. "तुम्ही डोंगर."

"डोंगराने काय करायचं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही. हात पसरून उभं राहायचं."

पाटबंधारे खात्याचे उपअभियंता गुलाबी पर्ससकट हात पसरून उभे राहिले. ऋतुजालाही शेवट माहीत होता, मैत्रिणींकडून. ती पिल्लू झाली आणि रत्नदीपना टेकून बसली. पिल्लू म्हणे परत येतं. सगळे नको म्हणत असताना येतं. आजोबा झोपले तर उठणार नाहीत हे त्याला माहीत असतं. ते हाका मारतं, ओढून बघतं, पण आजोबा डोळे उघडत नाहीत.

"मग ती गोष्ट सांगायला लागते," ऋतुजा रत्नदीपच्या कानाशी म्हणाली. "आजोबांचीच गोष्ट. पण चुकीची सांगते. एकदा पाऊस पडत होता आणि तीन लांडगे आले."

रत्नदीपच्या तोंडून आपोआप निघालं, "पाऊस नव्हता. धुकं होतं."

"बरोबर," सुमित म्हणाला. "अस्संच. ती रात्रभर चुकीचं सांगते आणि ते रात्रभर दुरुस्त करत बसतात. म्हणून ते झोपतच नाहीत. मग सूर्य येतो."

डोंगराने चष्मा काढून पुसला. रत्नदीप चार पायांवरच होते आणि त्यांना मान वर करायची नव्हती, कारण चेहरा ओला होता.

त्याच वेळी थिएटरची दारं उघडली. आप्पा, अंकिता, जोशीकाकू, पोस्टमास्तर, अनुभव घ्यायला आलेलं जोडपं, सगळे डोळे पुसत बाहेर आले आणि त्यांना आपले सचिव फरशीवर ओणवे दिसले, पाठीशी एक मुलगी, आणि मागे एक साहेबासारखा माणूस हात पसरून उभा. आप्पांनी नाक शिंकरलं आणि ते म्हणाले, "झालं ना सगळं व्यवस्थित?"

भीमाबाई चादर सावरत पुढे आल्या. "जगली म्हस," त्या म्हणाल्या. "ऊठ आता."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात रत्नदीपनी सगळ्यांना सांगितलं की आजोबा सुखरूप आहेत. टाळ्या झाल्या. नातीने वाचवलं, असंही त्यांनी सांगितलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. लेखा विभागातल्या बाई पेढे मागत होत्या. हत्तुरे साहेब केबिनमधून बाहेर येऊन म्हणाले, "आजोबांना विश्रांती घेऊ दे," आणि पुन्हा आत गेले.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. गुरुवारी दुपारी, सगळे रिक्षांकडे पांगल्यावर, रत्नदीपनी मोडनिंबला फोन लावला. साक्षीने उचलला.

"बघितला मी," रत्नदीप म्हणाले.

"बरं," साक्षी म्हणाली. तेवढंच. फोन आता आईकडे जाणार, हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

"ठीक होता," रत्नदीप घाईने म्हणाले. "पण शेवटी ते पिल्लू आजोबांना तिथंच टाकून खाली निघून जातं, ते मला काही पटलं नाही."



"काय?" साक्षी म्हणाली. "पप्पा, असं कुठं आहे? जात नाही ती. ती परत येते. तुम्ही नीट बघितलंच नाही." आणि मग ती सांगायला लागली. श्वास न घेता, सुरुवातीपासून, सभा, वादळ, वारा, सगळं. आईने मागून काहीतरी म्हटलं, तर "थांब गं, पप्पांना काही कळलेलं नाही" असं तिला दटावून पुन्हा सांगायला लागली. ऊन डोक्यावर होतं. भीमाबाई रिक्षात बसून भाकरी मोडत हाका मारत होत्या. रत्नदीपनी त्यांना हातानेच थांबायला सांगितलं.

साक्षी सूर्य उगवण्यापर्यंत आली. आता गोष्ट संपणार होती.

"पण काय गं," रत्नदीप म्हणाले, "लांडगे तर तीन होते ना?"